पाहुण्यांचं दार

रेगेकाकांना दार आपटलेलं खपत नसे. गाडीचं असो, फ्रिजचं असो, की मराठी मंडळाने गणपतीसाठी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या जिमचं असो. कोणी आपटलं की ते मान न वळवता एवढंच म्हणत, "दूसमाँ." फ्रेंचमध्ये याचा अर्थ 'हळू'. मूळचे वेंगुर्ल्याचे, मुंबईत टूलरूममध्ये उमेदवारी केलेले, मॉन्ट्रियलला विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात निम्मी नोकरी काढून मग आमच्या वॉटर्लूला येऊन स्थिरावलेले. फ्रेंच ते तिथे शिकले. किती येत होतं कोण जाणे, पण हा एक शब्द त्यांनी आयुष्यभर वापरला.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. मंडळाच्या अंकात त्यांच्यावर अर्धं पान आलं होतं. ते मीच लिहिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, पण मुख्य गोष्टही नव्हती. अंक घरी आला तेव्हा मेधाने, माझ्या बायकोने, तो वाचला आणि घडी घालून मायक्रोवेव्हवर ठेवला. म्हणून हे दुसऱ्यांदा लिहितो आहे.

पहिली भेट त्या जिममधलीच. आम्ही नागपूरहून येऊन सहा महिने झाले होते. आरती चालू होती आणि दार आपोआप लावणारा पंप बिघडल्यामुळे दार सारखं उघडं पडून बाहेरचा वारा थेट समईवर येत होता. एक बुटके, सडसडीत गृहस्थ माकडटोपी घालून ते दार पाठीने दाबून उभे होते. आरती त्यांनी तिथूनच म्हटली. प्रसादाच्या वेळी मी म्हटलं, काका, मी धरतो, तुम्ही जाऊन या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"नवा दिसतोस. नोकरी?"

"सॉफ्टवेअर."

"शनिवारी दुपारी काय करतोस?"

मी खरं ते सांगितलं. काही नाही. ग्रोसरी करतो आणि झोपतो.

"घड्याळ चालवशील?"

तेव्हा मला काही कळलं नाही. पुढच्या शनिवारी ते मला त्यांच्या जुन्या गाडीत घालून एका कॉलेजच्या हॉकीच्या रिंकवर घेऊन गेले. दार हळू लाव, असं सांगून.

हॉकी म्हणजे इथे बर्फावरची. आपल्या वाचकांपैकी ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वीस वीस मिनिटांचे तीन भाग असतात. घड्याळ उलटं चालतं, विसापासून शून्याकडे. शिट्टी झाली की थांबवायचं, खेळ सुरू झाला की चालू करायचं. त्यामुळे वीस मिनिटांचा भाग प्रत्यक्षात पाऊण तास चालतो. कोणी आडदांडपणा केला की त्याला दोन मिनिटं शिक्षा. ती बर्फाच्या कडेला काचेच्या खोक्यात बसून भोगायची, त्याला पेनल्टी बॉक्स म्हणतात. दोन्ही संघांची खोकी शेजारी शेजारी असतात. मधल्या जागेत घड्याळवाला आणि नोंदी ठेवणारा बसतो. आणि प्रत्येक खोक्याच्या दाराशी एक माणूस लागतो. मुलगा आला की दार उघडायचं, कडी लावायची, वेळ संपली की उघडायचं. बस्स, एवढंच काम, आणि तेही बिनपगारी. रेगेकाकांनी ते एकूण तीस वर्षं केलं.

त्यातही ते नेहमी पाहुण्या संघाचं दार घेत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "आपल्या पोरांचे आईबाप बसलेत समोर. ह्यांचं कोण आहे इथे?"

मुलं त्यांना 'रेजी' म्हणत. त्यांना रेगे म्हणता येत नव्हतं आणि काकांनी दुरुस्त केलं नाही. स्केटिंग त्यांना येत नव्हतं. हात बर्फापासून वीतभर, पण तीस वर्षांत पाऊल बर्फावर पडलं नव्हतं. खिशात एक चपटा डबा असे आणि त्यात आल्याच्या वड्या. त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, करून देत. शिक्षा झालेला मुलगा खोक्यात येऊन काठी आपटायचा, रेफरीच्या आईबहिणीचा उद्धार करायचा. काका कडी लावायचे आणि न बोलता डबा पुढे करायचे. सहा फुटांची पोरं, दाढीत बर्फ अडकलेला, ती आल्याची वडी तोंडात टाकून गप्प बसायची. त्या तिखटाने काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"राग चाळीस सेकंदांचा असतो रे," ते मला काचेच्या फटीतून मराठीत सांगत. "मी मोजलाय. पुढची ऐंशी सेकंद लाजेची. दोन मिनिटं कोणी ठरवली कोण जाणे, पण बरोबर ठरवली."

कधीकधी एखाद्या पोराचा राग चाळीस सेकंदांत उतरत नसे. मग दोन मिनिटं संपली तरी कडी जरा अडके. फार नाही, दोन श्वासांपुरती. काका कडीशी खुडबुड करत, पोरगा चरफडे, आणि त्या दोन श्वासांत खेळ रिंकच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असे. ती कडी दर महिन्याला तेल देऊन त्यांनी लोण्यासारखी ठेवली होती हे मला माहीत होतं.

सुमनकाकू गेल्या तेव्हा दिवसवार झाल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी ते आले. सामन्याआधी दोन्ही संघ बर्फावर आले आणि आमच्या कप्तानाने काठी रिंकच्या कडेच्या फळीवर टकटक आपटली. मग सगळ्यांनी. त्यांच्यात कौतुकाची आणि दुखवट्याचीही तीच रीत. पाहुण्या मुलांना काही ठाऊक नव्हतं, तरी त्यांनीही आपटल्या. काका दाराशी माकडटोपी काढून उभे राहिले. त्या दिवशी डबा रिकामा होता. पुढच्या शनिवारपासून वड्या ते स्वतः करू लागले. त्या कधी जमायच्या, कधी नुसता चिकट गोळा व्हायचा. मुलं तोही खायची.

माझा मुलगा ओजस या रिंकवर वाढला. चार वर्षांचा असताना काकांनी त्याच्या स्केटच्या नाड्या बांधल्या होत्या. मी घड्याळापाशी असायचो आणि तो काचेपलीकडे. पुढे तो त्याच कॉलेजात शिकायला लागला आणि संघात आला. संघात म्हणजे चौथ्या फळीत, आलटून पालटून उतरणाऱ्या तुकड्यांतल्या शेवटच्या. सामन्यात मोजून चार-पाच मिनिटं उतरायचा, बाकी वेळ बाकावर. मुलगा खेळत असेल तर बापाने घड्याळापाशी बसायचं नाही असा आमच्याकडे शिरस्ता होता. त्यामुळे ओजस आला तसा मी घड्याळ डग नावाच्या एका शेतकऱ्याला दिलं आणि मेधाशेजारी प्रेक्षकांत बसू लागलो. ती जागा मला सोसायची नाही. तिथून मुलगा बाकावर बसलेला दिसतो. दोन वर्षं मी त्याच्या हेल्मेटची मागची बाजू पाहिली.

तो जानेवारीतला शनिवार होता. आदल्या दिवशी वादळ झालेलं. डगच्या गावाचा रस्ता बंद होता. पाहुणे मात्र पोचले होते. मॉन्ट्रियलजवळच्या लव्हालमधल्या एका छोट्या कॉलेजचा संघ, मैत्रीपूर्ण सामना, बसमध्ये रात्र काढून आलेले, त्यात निम्मे तापाने घरीच राहिलेले. तेरा मुलं उतरली. रिंकचा मॅनेजर काकांना विचारायला आला, घड्याळाला कोण? काका म्हणाले, गॅरी बसेल. गॅरी म्हणजे मी, गिरीश. मॅनेजरने शिरस्त्याची आठवण केली. काका म्हणाले, "आय विल स्पीक फॉर हिम." त्याच्याबद्दल मी शब्द देतो.

दुसरा भाग संपला तेव्हा नऊ-शून्य झालं होतं. तो खेळ बघवत नव्हता. आमची मुलं ताजीतवानी, ती मुलं थकून काठीवर रेलून उभी. त्यांच्यातला एक पहिल्या भागात काकांच्या खोक्यात येऊन गेला होता. एतिएन त्याचं नाव. लाल गालांचा, ओठाला जुना व्रण. काकांनी डबा पुढे केला तेव्हा त्याने फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं, काकांनी मोडक्या फ्रेंचमध्ये उत्तर दिलं आणि दोघे हसले. नंतर काका मला म्हणाले, "विचारतो, ह्याने गोल होतात का? म्हटलं, नाही, नुसती तहान लागते."

तिसऱ्या भागाआधी रेफरी काकांच्या दाराशी आला. सामना असा एकतर्फी झाला की दोन्ही प्रशिक्षकांच्या संमतीने घड्याळ न थांबवता चालू ठेवतात. शिट्टी झाली तरी ते पळतंच. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं, आणि हरणाऱ्यांची सुटका होते. रेफरीने तेच सांगितलं आणि तो गेला. काकांनी फटीला तोंड लावून मला मराठीत सांगितलं, "गिरीश, आता थांबवायचं नाही. पळू दे. पोरांना घरी जाऊ दे."

माझ्या शेजारी नोंदी करणारी विद्यार्थिनी होती. तिने ऐकलं, पण तिला काय कळणार? ते फक्त आम्हा दोघांना कळलं.

आणि मी घड्याळ थांबवलं.

पहिल्या शिट्टीला बोट सवयीने गेलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण सवय एका शिट्टीपुरती असते. आमच्या प्रशिक्षकाने आता चौथी फळी उतरवायला सुरुवात केली होती. ओजस दर दोन मिनिटांनी बर्फावर येत होता. त्या आधीच्या वर्षांत जेवढा खेळला नव्हता तेवढा तो त्या दुपारी खेळणार होता आणि किती, ते माझ्या बोटावर होतं. तो बर्फावर असला की मी थांबवत होतो. बाकावर गेला की पळू देत होतो. त्यामुळे कोणाला खात्रीने काही कळेना. पाहुण्यांच्या प्रशिक्षकाने एकदा फळीवर हात आपटून घड्याळाकडे बोट दाखवलं. रेफरीने माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला, जणू चूक झाली, दुरुस्त करतो.

काकांनी फटीतून हाक मारली. "गिरीश."

"काका, तो आत्ता उतरलाय. एक शिफ्ट, एवढी पाळी होऊ दे."

ते माझ्याकडे पाहत राहिले. ते पाहणं मला ओळखीचं होतं. खोक्यात काठी आपटणाऱ्या पोरांकडे ते तसं पाहत. मग त्यांनी खिशात हात घातला, डबा उघडला आणि एक वडी फटीतून आत सरकवली. मी ती घेतली, तोंडात टाकली आणि पुढच्या शिट्टीला घड्याळ थांबवलं.

घड्याळात तीन मिनिटं बाकी असताना ओजसने गोल केला. त्या वर्षातला त्याचा पहिला. अकरा-शून्य. मी उभा राहून काचेवर दोन्ही हात आपटले. घड्याळवाल्याने असं करायचं नसतं. मेधा समोरून फोनवर चित्रण करत होती. आणि माझा मुलगा, ज्याने घरी कधी आवाज चढवला नाही, तो एका गुडघ्यावर घसरत पाहुण्यांच्या बाकासमोरून गेला, कानाला हात लावून, ऐकू येत नाही अशी खूण करत.

एतिएनने त्याला ढकललं. ओजसने हातमोजे टाकले, म्हणजे मारामारीचं आव्हान.

मग सगळेच आले. दोन्ही बाक रिकामे झाले. बर्फावर हातमोजे, काठ्या, हेल्मेटं. कोण कोणाला मारतो आहे कळत नव्हतं. काकांच्या खोक्यात त्या वेळी पाहुण्यांचा एक आडवातिडवा मुलगा शिक्षा भोगत होता, ल्यूक. एतिएनचा जोडीदार. तो दाराला भिडला. भांडणात खोक्यातून बाहेर पडणं हा मोठा गुन्हा, त्याचं वर्ष बुडतं. काकांनी कडीवर दोन्ही हात धरले. ल्यूक ओरडत होता, मला जाऊ द्या, तो माझा मित्र आहे. काका म्हणत होते, "आसी-तुआ. दूसमाँ." खाली बस, हळू. त्याने बुटासकट दाराला लाथ घातली. काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं कडी आणि चौकट यांच्या मध्ये होती. त्यांनी कडी सोडली नाही.

तेवढ्यात ओजसचा तो ठोसा. एतिएनचं हेल्मेट आधीच पडलेलं. तो मागे कोसळला आणि डोकं बर्फावर आदळलं. एवढ्या गोंगाटात, काचेच्या आत बसून मला तो आवाज आला. अजूनही येतो.

एकेक करून सगळे थांबले. मी मान वर केली तर रेगेकाका दार उघडून बर्फावर चालत होते. स्नो-बूट, माकडटोपी, डावा हात काखेत दाबलेला. दोनदा घसरले. एतिएनपाशी पोचले, गुडघ्यावर बसले, अंगातला जाड कोट एका हाताने काढून त्याच्यावर घातला. कोणालाही त्याला हलवू दिलं नाही. स्ट्रेचर येईपर्यंत ते त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होते.

घड्याळ तेव्हाही थांबलेलंच होतं. मी किती शिट्ट्यांना ते थांबवलं ते मला माहीत आहे. ते पळू दिलं असतं तर गोल व्हायच्या आत सामना संपून सगळे हस्तांदोलन करत असते. यात दुसरा कुठला अर्थ काढता येत नाही, मी काढून पाहिला आहे.

एतिएन जगला. सहा आठवडे इस्पितळात होता. मग घरी गेला. डाव्या बाजूला तोल जातो. दहा मिनिटांच्या वर वाचता येत नाही, उजेड सोसत नाही. कॉलेज सुटलं.

सामन्यानंतर तीन आठवड्यांनी आमच्या कॉलेजने चौकशी केली. एका खोलीत तीन माणसं, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. ओजसचं प्रकरण वेगळं चाललं होतं. त्याला पुढे उरलेल्या वर्षासाठी संघाबाहेर ठेवलं. आम्हाला बोलावलं होतं ते घड्याळासाठी. रेफरी म्हणाला, मी रेजीला सांगितलं होतं. नोंदी करणारी मुलगी म्हणाली, रेजी गॅरीशी काहीतरी बोलला, पण त्यांच्या भाषेत.

अध्यक्षबाईंनी काकांना विचारलं, तुम्ही निरोप दिला होता का?

काकांच्या हाताला प्लास्टर होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. "नो," ते म्हणाले. "मी विसरलो. मी त्याला चहाचं विचारत होतो. वय झालं माझं."

बाई माझ्याकडे वळल्या. तुम्हाला काही आठवतं?

मी काकांकडे पाहिलं नाही. मी बाटलीकडे पाहिलं आणि म्हणालो, "आय डोन्ट रिमेंबर."

एवढंच. मी कुठे म्हटलं की त्यांनी सांगितलं नाही? असा युक्तिवाद मी पुढे कित्येक महिने केला.

चौकशीवाल्यांनी काकांचे आभार मानले. तीस वर्षांची सेवा, वगैरे. आणि दार आता कोणा तरुण माणसाकडे द्यावं अशी विनंती केली. कॉलेजचं चिन्ह असलेला एक स्वेटर दिला. पार्किंगमध्ये मी गाडी उघडली, ते बसले, एका हाताने दार ओढून घेतलं, नेहमीसारखं.

"काका, तुम्ही असं का सांगितलंत?"

"गाडी चालू कर आधी. गारठलो."

घराजवळ आल्यावर बोलले. "पोराचं एक प्रकरण चालू आहे. त्यात बापाचं दुसरं कशाला?" थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मेल्या, मी काही फार खोटं बोललो नाही. त्या ल्यूकला मी सोडला असता तर त्याने आपल्या मित्राला ओढून बाजूला काढला असता. मारायला नव्हता चालला तो. मी त्याचा चेहरा पाहिला होता. तरी मी कडी धरली. नियम म्हणून." मग उतरले. "तू घड्याळ धरलंस, मी दार."

माझं आणि त्यांचं त्यांनी एका वजनाचं करून टाकलं. ते तसं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

ओजसने एकदाच विचारलं. बेसमेंटमध्ये कपडे वाळत घालत होतो. तो जिन्यावर बसला होता. "बाबा, व्हाय वॉज द क्लॉक स्टॉपिंग? इट वॉज रनिंग टाइम, राइट?" मी म्हणालो, रेगे आजोबा निरोप द्यायला विसरले. तो म्हणाला, "ही नेव्हर फर्गेट्स." आणि वर गेला. मेधाच्या फोनमध्ये त्या गोलाचं चित्रण आहे. ते नागपूरला आजीआजोबांना पाठवायचं राहून गेलं. गोलानंतरही ते अर्धा मिनिट चालू आहे असं ती म्हणते. आमच्या घरात ते कोणी उघडत नाही.

काकांच्या शनिवारांचं पुढे काय झालं हे मला उशिरा कळलं. महिन्यातून एकदा ते टोरांटोची बस, तिथून मॉन्ट्रियलची रेल्वे, तिथून मेट्रो असं करत लव्हालला जात होते. एतिएनकडे. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याच्या आईने दार उघडलं, कोण ते ऐकलं आणि बंद केलं. चौकशीचा अहवाल तिलाही मिळाला होता. निरोप विसरलेला म्हातारा तो हाच. काका डबा पायरीवर ठेवून परत आले. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा ती म्हणाली, दहा मिनिटं. तेव्हापासून ते त्याला वाचून दाखवत. त्या फ्रेंचमध्ये. तो त्यांचे उच्चार सुधारत असे आणि डॉक्टर म्हणत, हे चांगलं आहे.

हे सगळं त्यांनी मला गाडीत सांगितलं, जेव्हा मी त्यांना एकदा तिकडे घेऊन गेलो. पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी होता. त्यांना धाप लागायला लागली होती, रेल्वे झेपत नव्हती, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला काही मागितलं होतं. सकाळी निघालो. सहा-सात तासांचा रस्ता, दोन्हीकडे बर्फाचे ढीग. किंग्स्टनच्या पुढे मी विचारलं, एतिएनच्या आईला अजूनही वाटतं का की घड्याळ तुमच्यामुळे...

"वाटतं ना."

"तुम्ही काही सांगितलं नाहीत?"

"मी काय सांगणार? माझं सांगून झालं चौकशीत." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिला कोणावर तरी रागवायला हवं. मी जवळ असतो, माझ्यावर रागावते. बाकीच्यांवर कुठे रागावणार, ते येतच नाहीत."

ते चिडून बोलले नव्हते. रस्त्याची माहिती द्यावी तसं बोलले.

दुपारी लव्हालला पोचलो. विटांचं दुमजली घर, बाहेरून वर जाणारा लोखंडी जिना, बर्फ वितळावा म्हणून पायऱ्यांवर मीठ टाकलेलं. मी फुटपाथला लागून गाडी उभी केली. वाटेत मी ठरवलं होतं. वर जायचं, त्या बाईसमोर उभं राहायचं, इंग्रजीत का होईना सांगायचं. वाक्यंही जुळवली होती. मुलाचं नाव घ्यायचं नाही, फक्त माझं सांगायचं.

काका उतरले. डबा खिशात आहे का चाचपला. गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि बाहेरून माझं दार उघडलं. डाव्या हाताने. ती दोन बोटं नीट मिटत नव्हती, ती दाराच्या कडेवर ताठ राहिली होती. दार धरून उभे राहिले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

बाहेरची थंडी सगळी आत आली. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. सीटबेल्ट काढला नव्हता. चाळीस सेकंद झाली असतील, जास्तही. तो राग नव्हता, पुढची ऐंशी सेकंद होती, आणि ती संपत नव्हती. मी म्हणालो, "काका, इथे पार्किंगचा दंड होईल. मी इथेच थांबतो."

त्यांनी मान डोलावली. दार लावलं. आवाज झाला नाही.

वसंतात ते झोपेत गेले. त्यानंतर मी लव्हालला गेलेलो नाही. हे लिहून झालं की आधी ओजसला वाचून दाखवणार आहे, कारण त्याला मराठी वाचता येत नाही, ऐकली की कळते. मग कोणाकडून तरी फ्रेंच करून घ्यायचं आहे. असं ठरवलं आहे. त्या दिवशीही ठरवलंच होतं.

त्या दुपारी गाडीतून मला दिसलं ते एवढं. काका एकेक पायरी थांबत, कठड्याला धरून वर गेले. एतिएनच्या आईने दार उघडलं. मागे अंधारात पडदे ओढलेली खोली. काका आत गेले नाहीत. उंबऱ्यात वळले आणि पाठीने दार उघडं धरून उभे राहिले, गणपतीच्या दिवशी बंद धरून उभे होते तसेच. गाडीकडे बघत. त्या थंडीत तिथे कोणी क्षणभरही दार उघडं ठेवत नाही. बाई आतून काहीतरी म्हणाली. त्यांनी मागे न बघता हात किंचित वर केला, थांब म्हणून.

दार बराच वेळ उघडं होतं.